पर्सनॅलिटी टेस्टचा रिपोर्ट कोर्टात द्यायचाय? आधी क्रम बघा

मुलांचा ताबा मागणारे आईबाप असोत, अपघातानंतर भरपाई मागणारा माणूस असो नाहीतर फौजदारी खटल्यातला आरोपी, पर्सनॅलिटी टेस्टच्या बाबतीत सगळीकडे एकच घोळ दिसतो. आधी टेस्ट उरकून घेतात, मग रिपोर्टमध्ये काय आलंय ते बघतात आणि मग ते केसला कुठे डकवता येईल याची शोधाशोध सुरू होते. पक्षकारांचं सोडा, वकील करतात, आणि खरं सांगायचं तर सायकॉलॉजिस्टसुद्धा करतात. मग उलटतपासणीत वीस मिनिटांत रिपोर्टचा पार भुगा होतो आणि खापर फुटतं टेस्टवर.

टेस्ट बहुतेक वेळा बरी असते, क्रम चुकलेला असतो. खालचा क्रम पक्षकार, वकील आणि या कामात नवीन आलेले सायकॉलॉजिस्ट अशा तिघांसाठी लिहिलाय. पुरावा कधी आणि कसा दाखल करायचा हे प्रत्येक देशात वेगळं, ते आपल्या वकिलाला विचारा, टेस्टचं गणित मात्र सगळीकडे तेच.

## १. आधी प्रश्न कागदावर उतरवा

कोर्टाला नेमकं काय ठरवायचंय ते एका वाक्यात लिहा. "मानसिक तपासणी करून अहवाल द्यावा" हा प्रश्न नाहीये, ही नुसती चिठ्ठी झाली. "अपघातानंतर या माणसाला नैराश्य आलंय का आणि त्यामुळे आधीचं काम जमत नाहीये का" हा प्रश्न. "वडील चिडके आहेत का" हा अर्धाच प्रश्न, "त्यांच्या चिडण्याचा मुलांच्या रोजच्या सांभाळावर परिणाम होतोय का" हा पूर्ण.

असं लिहिलं की लगेच कळतं टेस्ट यातलं किती सांगू शकते ते. काही गोष्टी कुठलीच पर्सनॅलिटी टेस्ट सांगू शकत नाही: गुन्हा यानेच केला का, साक्षीदार खरं बोलतोय का, दोघांपैकी चांगला पालक कोण. "असल्या स्वभावाचा माणूस असं करूच शकत नाही" ही साक्ष तर खूप कोर्टांनी दारातूनच परत पाठवलीये. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये मोहन खटल्यात नेमकं हेच केलं. लैंगिक गुन्ह्याचा आरोप असलेला डॉक्टर अशा गुन्हेगारांच्या साच्यात बसत नाही हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ तयार होता, पण असा भरवशाचा साचा मुळात आहे हेच कुणी दाखवलं नव्हतं, म्हणून साक्ष बाहेर.

त्याहून डोळे उघडणारी केस हंगेरीतली आहे. २०१५ मध्ये नायजेरियातून आलेल्या एका माणसाने आसरा मागितला, समलिंगी असल्यामुळे परत गेलो तर छळ होईल म्हणाला. अधिकाऱ्यांना त्याच्या सांगण्यात मोठी विसंगती सापडली नव्हती, तरी त्याला सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि तिथे काय करायला लावलं तर पावसातला माणूस काढ, शाईचे डाग बघून काय दिसतं सांग, आणि सोंडी टेस्ट, ज्यात चेहऱ्यांचे फोटो दाखवून आवडता-नावडता निवडायला लावतात. रिपोर्ट आला की त्याचं म्हणणं टेस्टमधून सिद्ध होत नाही, आणि अर्ज फेटाळला. २५ जानेवारी २०१८ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की लैंगिक कल ठरवण्यासाठी असल्या टेस्ट वापरता येणार नाहीत, माणसाच्या खासगी आयुष्यात ही नको इतकी घुसखोरी आहे. टेस्ट नीट घेतली की वाईट, हा नंतरचा मुद्दा. प्रश्नच असा होता की ज्याचं उत्तर त्या टेस्टकडे नव्हतं.

तपासा: तुमच्या वाक्यात "खरं", "खोटं", "दोषी" किंवा "चांगला" यातला एखादा शब्द आलाय का? आला असेल तर वाक्य पुन्हा लिहा, टेस्टची वेळ अजून आलेली नाही.

## २. तपासणारा कोण आणि समोरच्याला काय सांगितलंय

उपचार करणारा आणि कोर्टासाठी तपासणारा ही दोन वेगळी माणसं हवीत. दोन वर्षं तुमचं ऐकून घेणारा थेरपिस्ट तुमच्या बाजूचा असतो, असायलाच हवा, पण मग त्याच्या रिपोर्टवर "तुमचा पेशंट आहे ना हा?" एवढा एकच प्रश्न पुरतो. थेरपिस्टला काय सांगायचं ते उपचारांबद्दल सांगू द्या.

तपासणाऱ्याच्या डोक्यातही बाजू शिरते, नकळत. अमेरिकेत २०१३ मध्ये एक प्रयोग छापून आला: शंभरावर तज्ज्ञांना त्याच त्या फाइल्स दिल्या, काहींना सांगितलं तुम्हाला सरकारी पक्षाने घेतलंय, काहींना सांगितलं बचाव पक्षाने. स्कोअर आपापल्या बाजूला झुकले, आणि त्यातल्या एका साधनाचं, २० मुद्द्यांच्या सायकोपथी चेकलिस्टचं, तर जगभर कोर्टात नाव घेतलं जातं. म्हणून जमलं तर दोन्ही बाजूंना मान्य असलेला किंवा कोर्टानेच नेमलेला माणूस घ्या. नाही जमलं तर निदान तपासणाऱ्याला पाठवलेलं पत्र साधं ठेवा, "आमच्या अशिलावर कसा अन्याय झालाय" हे त्यात कशाला?

आणि सुरुवातीलाच, पेन हातात देण्याआधी, त्या माणसाला सांगायचं की इथलं बोलणं गुपित राहणार नाही, कुणी पाठवलंय, रिपोर्ट कुणाकडे जाणार, नाही म्हणण्याचा हक्क आहे का. सही घ्यायची. १९८१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एस्टेल विरुद्ध स्मिथ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली. आरोपीची मानसिक तपासणी त्याला हक्क न सांगता आणि वकिलाला न कळवता झाली होती आणि तीच पुढे शिक्षेसाठी त्याच्याविरुद्ध वापरली गेली होती.

## ३. टेस्ट निवडणं

इथे सगळ्यात जास्त आळस होतो. ज्याला जी टेस्ट येते तो तीच लावतो.

प्रत्येक टेस्ट कुठल्या तरी लोकांवर बेतलेली असते आणि स्कोअर त्यांच्याशी तुलना करून निघतो. एमएमपीआय-२ (१९८९, ५६७ प्रश्न) किंवा पीएआय (३४४ प्रश्न) या स्वतः भरायच्या लांबलचक प्रश्नावल्या, यांच्यात सर्वसामान्य माणसांशी तुलना होते. मिलॉनची एमसीएमआय मात्र उपचार घेणाऱ्या लोकांवर बेतलीये, म्हणजे समोरचा माणूस कुठल्या तरी त्रासाने आलाय हे तिने आधीच धरलेलं असतं. ताब्याच्या केसमधल्या धडधाकट आईला ही लावली की तिच्यात काहीतरी विकार दिसायला लागतो, आणि हे मी इतक्या रिपोर्टमध्ये बघितलंय की आता आधी टेस्टचं नाव वाचतो आणि मगच पुढचं पान उलटतो. रोर्शाकची, म्हणजे शाईच्या डागांची, दहा कार्डं वापरायला हरकत नाही, पण कुठल्या पद्धतीने गुण दिले ते सांगता आलं पाहिजे, कारण जुन्या पद्धतीचे नॉर्म्स (म्हणजे तुलनेसाठीचे आकडे) निरोगी माणसालाही आजारी दाखवतात अशी टीका झालेली आहे आणि समोरचा वकील ती काढणारच. एमबीटीआय, इंटरनेटवरची चार अक्षरी टेस्ट, ऑफिसात भरून घेतलेली प्रश्नावली वगैरे घरीच ठेवा.

आवृत्तीही बघा. एमएमपीआयची २००८ ची आरएफ ३३८ प्रश्नांची, २०२० ची एमएमपीआय-३ ३३५ प्रश्नांची, दोन्हीचे स्केल्स (एकेक गोष्ट मोजणारे प्रश्नांचे गट) वेगळे. एका आवृत्तीचा स्कोअर आणि दुसऱ्या आवृत्तीवरचं संशोधन असं कडबोळं रिपोर्टात सर्रास सापडतं.

भाषेचं तर विचारूच नका. शेजारी बसून कुणीतरी प्रश्न वाचतोय आणि आपल्या शब्दांत सांगतोय, ही टेस्ट राहिलीच नाही, ती गप्पा झाली. त्या भाषेत तपासून तयार केलेलं भाषांतर असेल तर ते वापरा, नसेल तर टेस्ट सोडा आणि मुलाखतीवर काम करा. रिपोर्टात तसं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

कोर्टाच्या दारातली चाळणी पण इथेच लक्षात घ्यायची. अमेरिकेत १९९३ च्या डॉबर्ट निकालापासून जज साधारण चार गोष्टी बघतो: पद्धत तपासून बघितलीये का, इतर तज्ज्ञांनी तिची छाननी केलीये का, चुकण्याचं प्रमाण माहीत आहे का, आणि त्या क्षेत्रात ती मान्य आहे का. तिथल्या काही राज्यांत अजून १९२३ चा फ्राय निकाल चालतो, त्यात फक्त शेवटचा प्रश्न. तुमच्या देशात नियम काहीही असो, या चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली की बहुतेक ठिकाणी निभतं.

आणि गंमत म्हणजे आक्षेप फार कमी घेतले जातात. २०१९ च्या एका अमेरिकन पाहणीत मानसशास्त्रीय साधनांवर कोर्टात आक्षेप आला तो जेमतेम ५ टक्के केसेसमध्ये, आणि त्यातला एक तृतीयांशच यशस्वी झाला. म्हणजे कच्च्या टेस्टही आत जातात. तुमची आत गेली म्हणून ती चांगली होती असं समजू नका.

## ४. टेस्टचा दिवस

एका बैठकीत, तपासणाऱ्याच्या नजरेसमोर, शांत खोलीत. प्रश्नपत्रिका घरी द्यायची नाही. घरी बायकोला विचारून भरली, वकिलाच्या ऑफिसात बसून भरली, असं एकदा बाहेर आलं की विषय संपला. आधी वाचता येतंय ना, चष्मा आणलाय ना, रात्री झोप झालीये ना, कुठली औषधं चालू आहेत, हे विचारा आणि वेळेसकट लिहून ठेवा.

पक्षकारांसाठी: कशी उत्तरं द्यायची हे नेटवर शोधू नका, वकिलालाही विचारू नका. पढवलेली उत्तरं पकडायला वेगळे स्केल्स असतात, पुढची पायरी त्यांचीच आहे.

## ५. आधी वैधता, मग बाकीचं सगळं

स्कोअरचा आलेख समोर आला की नजर थेट उंच गेलेल्या टोकाकडे जाते. जाऊ देऊ नका. आधी बघायचं की ही उत्तरं वाचण्यालायक आहेत का.

मी एकदा एक रिपोर्ट तपासायला घेतला होता. छान टाइप केलेला, आलेख रंगीत, निष्कर्ष ठाम. सोबत उत्तरपत्रिका नव्हती, मागून मागून तीन आठवड्यांनी मिळाली, आणि मोजले तर ४१ प्रश्न कोरे. एमएमपीआय-२ मध्ये ३० किंवा जास्त प्रश्न सोडले असतील तर ती उत्तरपत्रिका बाद धरायची असते. ज्याने रिपोर्ट लिहिला त्याने ती पानं उलटलीच नव्हती, आकडे कॉम्प्युटरला दिले आणि आलं ते छापलं.

तेव्हा याच क्रमाने जा. कोरे प्रश्न किती. मग उत्तरं एकमेकांशी जुळतात का, म्हणजे सारख्या अर्थाच्या दोन प्रश्नांना उलटसुलट उत्तरं तर नाहीत (एमएमपीआय-२ मध्ये यासाठीच्या व्हीआरआयएन स्केलवर ८० किंवा वर गेलं की पुढे वाचायचंच नाही). मग त्रास फुगवून सांगितलाय का. शेवटी स्वतःला धुतल्या तांदळासारखं दाखवलंय का.

या शेवटच्या दोन गोष्टी वाचताना माणूस कुठून आलाय ते विसरू नका. ताब्यासाठी भांडणारे आईबाप स्वतःला चांगलं दाखवतात, त्यांचे एल आणि के स्केल्स (हेच चांगलं दाखवणं मोजणारे) थोडे वर असणं नेहमीचंच आहे, त्यावरून "आई लबाड आहे" असं लिहिणारा तज्ज्ञ स्वतः अडकतो. भरपाईच्या दाव्यात उलटं होतं, तिथे त्रास वाढवून सांगितल्याची शंका येते. पण शंका मोजणाऱ्या स्केल्सवर पण वाद आहेत: एमएमपीआय-२ चा एफबीएस स्केल खरोखर आजारी लोकांनाही ढोंगी ठरवतो अशी तक्रार आहे. एकट्या स्केलवरून कुणाला खोटारडं म्हणू नका, दुसऱ्या स्वतंत्र टेस्टने आणि रेकॉर्डने ताळा घ्या.

थांबा: वैधता बिघडली असेल तर रिपोर्टमध्ये एवढंच लिहायचं की या टेस्टवरून काही सांगता येत नाही. "तरीसुद्धा असं दिसतं की" हे वाक्य लिहायचा मोह होतो, खूप होतो. टाळा.

## ६. स्कोअर वाचताना

टी-स्कोअर म्हणजे सगळे स्केल्स एकाच मापावर आणलेले गुण. त्यांची सरासरी ५०, आणि एमएमपीआयमध्ये ६५ ला रेघ, त्याच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. साधारण लोकांपैकी शंभरात आठेक जण एखाद्या स्केलवर या रेघेवर असतातच. आता एमएमपीआय-३ मध्ये स्केल्स ५२. एवढ्या ठिकाणी बघितल्यावर एखादं टोक वर सापडणारच की. तेवढंच टोक उचलून त्याच्यावर दोन पानं लिहिणं ही या कामातली सगळ्यात जुनी लबाडी आहे, मुद्दाम केलेली असो नसो.

६६ म्हणजे ठोक ६६ पण नसतं. प्रत्येक मोजमापात चूक असते, मॅन्युअलमध्ये स्केलनुसार दिलेली असते, तो पट्टा रिपोर्टमध्ये लिहा. बुद्ध्यांकाच्या बाबतीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या हॉल या फाशीच्या खटल्यात हेच सांगितलं, एका आकड्यावर माणसाचा जीव टांगता येत नाही.

आता हे गणित कागदावर करून बघा, वकिलांनी तर नक्कीच. समजा शंभर माणसं, त्यातल्या १० जणांना खरंच एखादा विकार आहे. टेस्ट चांगली, विकार असलेल्या दहातल्या ८ जणांना पकडते आणि निरोगी लोकांपैकी ८० टक्के जणांना बरोबर सोडते. मग ९० निरोगींपैकी १८ जण उगाच अडकले. एकूण बोट दाखवलं २६ जणांकडे, खरे त्यात ८. म्हणजे "टेस्टमध्ये आलंय" म्हणून समोर उभा केलेला माणूस तीनातल्या दोन वेळा निरोगी. टेस्ट खराब नव्हती, विकारच दुर्मिळ होता.

कॉम्प्युटरने छापलेला वर्णनाचा मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना पर्सनॅलिटीचं वर्णन दिलं, सगळ्यांना एकच, आणि मुलांनी ते आपल्याला किती लागू पडतं याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. "वरून शिस्तीचा पण आतून अस्वस्थ" हे कुणालाही लागतं, जजलासुद्धा.

## ७. बाकीच्या पुराव्याशी ताळा

टेस्टमधून निघतो तो अंदाज. तो धरून मुलाखत, जुने वैद्यकीय कागद, शाळेच्या किंवा नोकरीच्या नोंदी, घरच्यांशिवाय इतर कुणाचं सांगणं यांच्याकडे जायचं. एक वही करा, डावीकडे टेस्ट काय म्हणते, उजवीकडे ते कशात दिसतं, आणि तिसऱ्या रकान्यात उलट जाणारं काय सापडलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर तुम्ही शोधलंच नाहीये.

तारखा लिहा. टेस्ट आजची आहे. घटना दीड वर्षापूर्वीची असेल तर त्या वेळी माणसाची मनःस्थिती काय होती हे आजचा आलेख सांगत नाही, मधे अटक, तुरुंग, घटस्फोट, औषधं सगळं होऊन गेलेलं असतं.

## ८. रिपोर्ट लिहिणं

टेस्टचं पूर्ण नाव, आवृत्ती, भाषा, तारीख, वेळ, वैधतेचे आकडे, सगळे स्केल्स (फक्त सोयीचे नाही), मग अर्थ, मग मर्यादा. शेवटी पायरी १ मधला प्रश्न पुन्हा लिहून त्याचं उत्तर. "श्री. अमुक हे आक्रमक आहेत" असं नको. "अशी उत्तरं देणाऱ्या लोकांमध्ये चिडचिड जास्त आढळते, यांच्या बाबतीत नोकरीच्या ठिकाणच्या दोन नोंदी याला धरून आहेत, शाळेतून मिळालेली माहिती याच्या विरुद्ध आहे" असं लिहा. लांब होतं, पण टिकतं. ताबा कुणाला द्यायचा, शिक्षा किती, हे जजचं काम, त्यात हात घालू नका.

## ९. समोरच्या बाजूचा रिपोर्ट हातात आला तर

निष्कर्ष वाचून चिडू नका, शेवटच्या पानापासून सुरुवातच करू नका. पहिलं काम, उत्तरपत्रिका आणि सगळे स्कोअर मागा. टेस्टचे प्रश्न उघडे पडले तर टेस्ट पुढे निकामी होते म्हणून सायकॉलॉजिस्ट हे कागद थेट वकिलाला द्यायला तयार नसतात, ते बरोबरच आहे, तेव्हा आपला एक सायकॉलॉजिस्ट नेमा आणि त्याच्याकडे पाठवायला सांगा, नाहीतर कोर्टाकडून गोपनीयतेचा आदेश घ्या. मग हाच लेख पायरी ३ पासून त्या रिपोर्टवर चालवा. बहुतेक वेळा तिसऱ्या नाहीतर पाचव्या पायरीवर काहीतरी सापडतं.

वकिलांना एक सांगणं: पाचशे प्रश्नांतला एकच प्रश्न उचलून "याने याला हो म्हटलंय बघा" असं करू नका. एकट्या प्रश्नाला किंमत नसते, आणि समोरचा तज्ज्ञ तयारीचा असेल तर तो हे तुमच्याच तोंडावर सांगेल.

## १०. साक्षीच्या पिंजऱ्यात

साक्षीच्या आदल्या रात्री रिपोर्ट नको, उत्तरपत्रिका आणि मॅन्युअल वाचा. टेस्टच्या कमकुवत बाजू सरतपासणीतच, म्हणजे आपल्या बाजूचा वकील विचारतो तेव्हाच, स्वतःहून सांगून टाका, नंतर त्या काढल्या जातात तेव्हा त्या लपवल्यासारख्या वाटतात. जे मान्य करायचंय ते पटकन मान्य करा, ओढून धरलं की जजला लगेच कळतं. साधारण असं होतं:

"या टेस्टमध्ये किती प्रश्न आहेत?"

"५६७."

"त्यातला मुलाला शाळेत सोडणं, डबा, अभ्यास, आजारपण याबद्दलचा एक तरी?"

"नाही."

इथे वकील जजकडे बघून थांबतो. नवखा तज्ज्ञ घाबरून टेस्टची बाजू घ्यायला लागतो, संशोधन सांगतो, आवाज चढतो, आणि तिथेच हातचं जातं. उत्तर फक्त एवढंच द्यायचं: "नाही, म्हणूनच त्या गोष्टींसाठी मी शाळेच्या नोंदी आणि घरी जाऊन केलेली निरीक्षणं वापरली. पान ९ वर आहेत."